एका बाजूने चावणारं यंत्र

सोमवार, १० फेब्रुवारी, दुपार

भाऊजी,

आज, सोमवार दिनांक दहा फेब्रुवारी, सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी मी तुमच्या डोझरच्या बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. बॉनेट तापलेलं होतं. नुसतं कोमट नव्हे, त्यावर ओले मोजे वाळले असते.

मला यंत्रातलं काही कळत नसेल, पण लबाडी कळते. माझ्या भाचीने, म्हणजे आमच्या भिंगरीने, मला बजावलं होतं की जुनं यंत्र बघायला जाशील तेव्हा इंजिन थंडगार असलं पाहिजे. विकणारा ते आधीच चालू करून ठेवतो. मग सकाळी पहिल्यांदा सुरू होताना ते किती खोकतं, किती धूर ओकतं, मुळात सुरू होतं तरी का, हे घेणाऱ्याला कळतच नाही. म्हणून मी तुम्हाला आधी पत्र टाकलं. त्याची नक्कल माझ्यासमोर आहे. "सोमवारी आठच्या सुमारास डोझर बघायला येते. मी येईन तेव्हा थंडच हवं. गरम अजिबात चालणार नाही." याहून स्पष्ट मराठी कोणाला येत असेल तर मला कळवा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टर एका चुकलेल्या स्वल्पविरामासाठी बोटांवर पट्टी मारायच्या. तेव्हापासून माझ्या वाक्याचे कोणी दोन अर्थ काढलेले नाहीत.

शिवाय हा काय पाहुणचार? जाऊबाईंनी सकाळी साडेआठला, मफलर गुंडाळून बसलेल्या माझ्यासमोर बर्फ घातलेल्या सरबताचा पेला ठेवला. तो संपवला तर दुसरा. तिसऱ्याला नको म्हटलं, तर त्यांनी तुमच्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या माहेराला नावं ठेवली. माझा घसा बसलाय. हाही डाव असेल तर चांगला आहे. बाईचा घसाच बसवला की ती प्रश्न विचारणार नाही.

पण मी प्रश्न विचारणार. चाळीस वर्षं दातांचा दवाखाना चालवलाय. मागच्या दातेरी चाकापाशी नेऊन तुम्ही म्हणालात, "बघा वहिनी, दात कसे अणकुचीदार! अजून धार आहे." भाऊजी, धार चाकूला हवी. भिंगरी सांगते की टायरांऐवजी असलेली साखळी ओढणाऱ्या या चाकाचे दात नवे असताना रुंद आणि बोथट असतात, साखळी घासून घासून त्यांना टोक येतं. टोक आलं म्हणजे वय झालं. माणसाचं नेमकं उलट असतं, म्हणून मला ते आधी खरं वाटेना. मग मी चष्मा पुसून दोन्ही चाकं पाहिली. उजव्या चाकाचे दात सुळ्यांसारखे. डाव्याचे मात्र चांगले, दाढांसारखे. एकाच तोंडात हे असं कसं?

आणि शेवटचा चमत्कार. या यंत्राला वळवायला गोल चाक नाही, दोन दांडे आहेत. डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे, असं तुम्हीच मला समजावलंत. नंतर त्या मातीच्या उतारावरून खाली येताना, मी समोर उभी असताना, तुम्ही डावा दांडा ओढलात आणि यंत्र वळलं उजवीकडे. वर तुम्ही हात हलवून हसलात.

भाऊजी, मी हौस म्हणून आले नव्हते. भिंगरी नऊ वर्षं दुसऱ्यांची यंत्रं चालवतेय. आता पहिल्यांदा स्वतःचं घेऊन स्वतःचं काम करणार आहे, तेही डोंगराच्या उतारावर. तिला महिनाअखेरीपर्यंत रजा नाही, म्हणून तिने मला पाठवलं. माझ्या भावाची ती एकुलती एक. मला ती धडधाकट हवी आहे.

इंजिन गरम का होतं, याचं लेखी उत्तर शुक्रवारच्या टपालाने यावं. फोन करू नका. चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडात बोटं घालून त्यांच्याशी बोलले. समोरच्याने मध्येच बोलायची मला सवय नाही.

तुमची वहिनी


गुरुवार, १३ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार,

तुमचं पत्र मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग हिला वाचून दाखवलं. ही हसत हसत स्वयंपाकघरात गेली ती अजून बाहेर आलेली नाही, म्हणून उत्तर मी एकटाच लिहितोय.

"मी येईन तेव्हा थंडच हवं. गरम अजिबात चालणार नाही." वहिनी, आमच्या घरी पाहुणा आला की विचारतात, काय घेणार, थंड की गरम? तुमचं पत्र आम्ही दोघांनी तीनदा वाचलं. ही म्हणाली, "डॉक्टरीणबाई आहेत, पित्त असेल, चहा सोसत नसेल. पण एवढं ठणकावून?" मी म्हटलं, त्यांचा स्वभावच तसा. या दिवसांत बर्फ मागायला गेलो तर दुकानदाराने आवाज बारीक करून विचारलं, घरातलं कोण गेलं? तुमच्या मानासाठी मी ते ऐकून घेतलं. आता त्या वाक्यात इंजिन हा शब्द कुठे होता, ते तुमच्या सिस्टरना विचारा.

बॉनेट तापलं होतं तेही तुमच्याच मानासाठी. झाडाखाली उभं होतं, पक्ष्यांनी पांढरं केलेलं. पहाटे उठून धुतलं, चालू करून अंगणात आणलं. पाहुणीला चिखलातून कसं चालवायचं?

दातांचं म्हणाल तर डावे-उजवे कोणाचे सारखे असतात? या, माझे बघा. आणि उतारावर दांडे उलटे चालतात ते तसंच असतं. का, ते मला सांगता यायचं नाही. पोहणाऱ्याला विचारा हात कुठे मारतोस, तो बुडेल. तुमच्या लग्नाच्या आधीपासून मी ही यंत्रं चालवतोय. हे घेतल्यावर त्याने तळी खोदली, रस्ते काढले. गेली काही वर्षं मी जास्त लांब नेत नाही, अंगणात आणि शेजारपाजारच्या सपाट जागेत काम करतो. यंत्र बिनदोष आहे. दोष असता तर मला कळला नसता का?

भिंगरीला म्हणावं स्वतः ये. तुमची मला भीती वाटते. उद्या म्हणाल, "आ करा."

तुमचा भाऊजी

ता. क. ही बाहेर आली. घशासाठी मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या करा म्हणते. गरम चालणार असेल तर.


शनिवार, १५ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझ्या काकांचं पत्र सोबत जोडलंय. त्यांना साधं मराठी कळत नाही असं दिसतं. थंडाचा विषय मी माझ्यापुरता मिटवलाय, तूही काढू नकोस.

तू सांगितलेलं बाकी सगळं पाहिलं. तेलाची पट्टी बाहेर काढली. तेल काळं होतं, दुधासारखं पांढुरकं नव्हतं, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं नाही. रेडिएटरचं झाकण मी उघडायला गेले तर काका ओरडले, "वहिनी, भाजेल!" ते मात्र खरं होतं. पुढचं माती लोटायचं पातं वर करून ठेवलं, चहा पिऊन होईस्तोवर, म्हणजे सरबत पिऊन होईस्तोवर, ते खाली सरकलं नाही. साखळी मधोमध जराशी झोळासारखी लोंबते, तू म्हणालीस तेवढीच. खालच्या रोलरांमधून तेल गळत नव्हतं. मी गुडघे टेकून पाहिलं. उठायला मात्र जाऊबाई लागल्या.

पण ते दात माझ्या डोक्यातून जात नाहीत. हसशील तू. मी भाजी आणायला गेले आणि कोबी निवडताना मला ते उजवं चाक दिसायला लागलं.

माझ्याकडे असे पेशंट यायचे. एका बाजूचे दात गुळगुळीत झिजलेले, दुसऱ्या बाजूचे नव्यासारखे. विचारलं की म्हणायचे, नाही हो डॉक्टर, मी दोन्ही बाजूंनी चावतो. खोटं बोलत नसत. त्यांना खरंच ठाऊक नसायचं. कधीतरी एका बाजूला दुखलेलं असतं, जीभ घास आपोआप दुसरीकडे नेते. दुखणं विसरायला होतं, सवय राहते. मग मी झिजलेली बाजू सोडून न झिजलेली तपासायची. कीड तिथे सापडायची.

म्हणून विचारते, यंत्राला असं होतं का? आणखी एक. त्या अंगणात साखळ्यांच्या खुणा आहेत, वर्षानुवर्षांच्या. तिथे उभं राहून मला काहीतरी खटकत होतं, काय ते कळेना. काल भांडी घासताना कळलं. सगळे वळसे एकाच दिशेचे आहेत. अंगण म्हणजे शेवयांची गुंडाळी दिसतंय.

आणि उतारावर डावा दांडा ओढून ते उजवीकडे कसं वळलं? काका म्हणतात तसंच असतं. मला "तसंच असतं" हे उत्तर लहानपणापासून आवडत नाही.

आत्या


बुधवार, १९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र जेवणाच्या ट्रकबरोबर आलं आणि मी ते डोझरवर बसूनच वाचलं. मुकादम ओरडेपर्यंत काम बंद होतं.

आधी उताराचं. काका खरं बोलतात. या जुन्या यंत्रात दोन्ही साखळ्यांना वेगवेगळा क्लच असतो. सपाटीवर डावा दांडा ओढलास की डाव्या साखळीला इंजिनाचा जोर मिळायचा थांबतो, उजवी ढकलत राहते, यंत्र डावीकडे वळतं. पण उतारावर इंजिन ढकलत नसतं, ते यंत्राला धरून ठेवत असतं. तिथे डावा दांडा ओढलास की डावी साखळी मोकळी सुटते आणि घरंगळत पुढे पळते. मग यंत्र उजवीकडे वळतं. नवा माणूस इथेच फसतो. मी पहिल्यांदा उतारावर गेले तेव्हा झाड चुकवायला गेले आणि नेमकी झाडावरच.

हे लिहिलं आणि माझं मलाच थांबावंसं वाटलं. आत्या, नीट आठव. त्या दिवशी काकांनी तुला यंत्र उजवीकडे वळवून दाखवलं ते फक्त उतारावर ना? म्हणजे डावा दांडा ओढून. मग सपाटीवर त्यांनी उजवा दांडा ओढलेला तू पाहिलास का? एकदा तरी?

मला वाटतं पाहिला नसशील. उजवा क्लच सुटत नसेल तर यंत्र सपाटीवर फक्त डावीकडे वळणार. प्रत्येक डाव्या वळणात जोर उजव्या साखळीवर. वर्षानुवर्षं तेच केलं तर उजव्या चाकाचे दात सुळे होणार आणि डाव्याचे दाढा राहणार. तुझा पेशंट आहे तो, फक्त इथे कीड झिजलेल्या बाजूलाच! मी आठ-दहा यंत्रं पाहिली आत्तापर्यंत, दात झिजलेत एवढंच बघायचे. एका बाजूचे का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आता हे का महत्त्वाचं, ते ऐक. एक एप्रिलपासून माझं काम आहे डोंगराच्या अंगाला पायऱ्यांसारखी शेतं काढायचं. डोंगर माझ्या उजव्या हाताला असणार, डाव्या हाताला दरी. कडेची माती जराशी सुटली तर मला पटकन उजवीकडे, डोंगराकडे वळता आलं पाहिजे. न वळणाऱ्या यंत्रावर मी तिथे बसणार नाही. पण यंत्रच नसेल तर ते काम माझ्या आत्ताच्या मालकाला जाईल आणि मी पुन्हा त्याचीच ड्रायव्हर होऊन तिथे बसेन.

म्हणून काकांना एवढंच करायला सांग. सपाट जागा. पहिला गियर. इंजिन अगदी हळू. फक्त उजवा दांडा ओढायचा, पायातल्या ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. वळलं तर उत्तम. सरळच गेलं तर क्लच अडकलाय. समोर बरीच मोकळी जागा हवी. आणि थांबवायला मधला मोठा दांडा (मागे पाहा)

[पानाची मागची बाजू]

पुढे ढकलून सोडून द्यायचा, मग इंजिन बंद. काकांना हे सांगायची गरज नाही म्हणा, त्यांना झोपेतही येतं.

तुझी भिंगरी


शनिवार, २२ फेब्रुवारी

भाऊजी,

एकच विनंती. अंगणात, सपाटीवर, पहिल्या गियरमध्ये, नुसता उजवा दांडा ओढा आणि काय झालं ते मला दोन ओळींत कळवा. बुधवारच्या टपालाने उत्तर आलं नाही तर मी समजेन की तुम्हाला ते करायचं नाही, आणि मग मला जे करायचं ते मी करेन.

वहिनी


गुरुवार, २७ फेब्रुवारी

वहिनी,

आज, गुरुवार दिनांक सत्तावीस फेब्रुवारी, सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी, न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना, मी माझी भिंत पडल्याचा आवाज ऐकला. आवाज लगेच ओळखला. ती भिंत मी स्वतः बांधली होती, इतकी वाईट भिंत या रस्त्यावर दुसरी नाही.

साबण पुसत धावत आलो तर माझा डोझर अर्धा अंगणात, अर्धा शेजाऱ्यांच्या मुळ्यांच्या वाफ्यात. शेजारी कुंपणाशी उभे राहून टाळ्या वाजवत होते, ते का, अजून समजलेलं नाही. तुम्ही निघून गेला होतात. सीटवर चिठ्ठी होती. "उजवीकडे वळत नाही. प्रयोग पूर्ण." भिंतीबद्दल एक अक्षर नाही.

हिला विचारलं. ही म्हणते, "त्यांनी विचारलं, इंजिन थंड आहे का? मी म्हटलं, मुडद्यासारखं. त्या म्हणाल्या, मग चला." यंत्र सुरू केलं ते हिने! माझ्या संसारातल्या बाईला डोझर सुरू करता येतो हे मला आज कळलं. म्हणे, रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून पाठ झालंय. पहिल्या फटक्यात सुरू झालं, पांढरा धूर चिमूटभर आला आणि लगेच गेला, हेही तिनेच सांगितलं. निदान तेवढं तरी भिंगरीला कळवा. तुम्ही उजवा दांडा दोन्ही हातांनी ओढून "वळ मेल्या, वळ!" म्हणत होतात आणि तो मेला सरळ चालला होता. ही ओरडली, "अहो वहिनी, थांबवा!" तर तुम्ही म्हणालात, "ते पानाच्या मागे आहे!" आणि चष्मा शोधायला लागलात. शेवटी हिने चढून बंद केलं.

तुमचं कार्ड मला मिळालं होतं. मी ते वाचून खिशात ठेवलं. मला वाटलं, ही बाई आता मला वळायला शिकवणार.

सगळे गेल्यावर मी चढलो. यंत्र मागे घेतलं. समोर मोकळी जागा केली आणि उजवा दांडा ओढला. काही नाही. जोर लावला. काही नाही. दांडा येतो, यंत्र सरळ जातं. इंजिन बंद केलं. वहिनी, माझा हात उजव्या दांड्याकडे जातच नाही. उजवीकडे जायचं असलं की मी डावीकडून पूर्ण वळसा घालून येतो, नाहीतर उतारावर चढवून खाली आणताना डावा ओढतो. कधीपासून, ते मला आठवेना. हिला विचारलं. ही म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला मिरवायला आवडतं."

असो. तुमच्या भिंगरीला हे यंत्र आता नको असणार, मला कळतंय. नशिबाने दुसरं गिऱ्हाईक आहे. खडीची खाण चालवतो तो. गेल्या आठवड्यात येऊन बघून गेला. बॉनेटवर हात ठेवला नाही, दात पाहिले नाहीत, "चालतंय ना?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, चालतंय. खोटं काय त्यात? सोळा मार्चला, रविवारी, ट्रेलर घेऊन येतोय. मलाही आता ती बाजू उघडून बसायचा हुरूप नाही. आत काय निघेल कोण जाणे.

भिंतीचं काय करता ते लेखी कळवा. बघा, मलाही जमतं.

भाऊजी


मंगळवार, ४ मार्च

आत्या,

तू भिंत पाडलीस! तू पाठवलेलं काकांचं पत्र मी वाचून दाखवलं आणि इथे स्वयंपाक्यापासून इंजिनिअरपर्यंत सगळे तुला नोकरी द्यायला तयार आहेत. थांबवायचं वाक्य पानाच्या मागे गेलं ती माझी चूक. पण तुला चढायला कोणी सांगितलं होतं? पहिला गियर होता म्हणून. पुन्हा असं केलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

आता नीट ऐक. मला तेच यंत्र हवंय.

गारठ्यात पहिल्या फटक्यात सुरू होणारं, तेलात पाणी नसलेलं, पातं खाली न सरकणारं एवढं जुनं यंत्र मला दुसरीकडे मिळणार नाही. उजवा क्लच बहुतेक गंजून चिकटलाय. न वापरलेल्या क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून एकच लादी होते. ते काम मला येतं, दोनदा केलंय. उजवं दातेरी चाक आणि साखळीही बघावी लागेल, ते मी धरून चाललेय. मला चौदाला रजा मिळते, म्हणजे पंधराच्या संध्याकाळी मी काकांच्या दारात. तोवर त्यांनी दांडा जोर करून ओढू नये आणि यंत्र कोणालाही देऊ नये. उघडून पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आत काही मोडलेलं निघालं आणि एप्रिलच्या आत नीट होत नसेल, तर मी ते घेणार नाही आणि डोंगरावरही जाणार नाही. हे तुला वचन.

आणि त्या खाणवाल्याचं. आत्या, खाणीत रस्ता कडेकडेने गोल खाली उतरतो. मालक काही यंत्रावर बसत नाही. कोणीतरी ड्रायव्हर बसेल. त्याला उजव्या दांड्याचं कोण सांगणार? मी नऊ वर्षं तीच ड्रायव्हर आहे, जिला कोणी काही सांगत नाही.

काका वाईट नाहीत. त्यांना फक्त सवय झालीय.

भिंगरी


शनिवार, ८ मार्च

भाऊजी,

भिंतीचं आधी. गवंडी मंगळवारी येईल, मी सांगून ठेवलंय. जाऊबाई म्हणतात की पडलीच आहे तर तिथे फाटक करू या, शेजाऱ्यांकडे जायला त्यांना रस्त्याने फिरून जावं लागतं. त्यांचं आणि शेजारीणबाईंचं ठरलंय. तुम्हाला अजून कोणी सांगितलं नसेल तर आता कळलं. टाळ्या त्यासाठी होत्या.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. भिंगरीचं पत्र सोबत आहे. संपूर्ण वाचा, मागची बाजूसुद्धा. तिला तुमचं यंत्र हवंय. तुम्ही लिहिलंत की नको असणार, आणि मला शंका आहे की ते लिहिताना तुम्हाला बरं वाटलं. यंत्र खाणवाल्याच्या ट्रेलरवर चढलं की ती बाजू उघडायला नको, आत काय आहे ते बघायला नको. माझे निम्मे पेशंट असेच होते. दात नको दाखवायला म्हणून बाई दोन वर्षं हसायचंच सोडायची.

तुम्ही खोटं बोललात असं मी आता म्हणत नाही. त्या सोमवारी म्हटलं होतं, ते इंजिनाबद्दल होतं आणि इंजिन निर्दोष निघालं. जाऊबाईंनी ते माझ्यासमोर सुरू केलं, मी कान देऊन ऐकलं. असं स्वच्छ खाकरणं मी कितीतरी जवान माणसांचं ऐकलेलं नाही. उजवीकडे वळत नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं, हेही मला मान्य. सव्वीस फेब्रुवारीपर्यंत माहीत नव्हतं. सत्तावीसपासून माहीत आहे. तेव्हा "चालतंय ना?" ला "चालतंय" हे उत्तर सव्वीसपर्यंत भोळेपणा होता. सोळा मार्चला तेच उत्तर दिलंत तर त्याला मी दुसरा शब्द वापरेन, आणि तो मला सिस्टरांनी शिकवलेला नाही.

त्या खाणीत कोण बसणार, हा प्रश्न भिंगरीने विचारलाय. तो मला सुचायला हवा होता. मी फक्त आमच्या पोरीचा विचार करत होते. ज्याला आपण ओळखत नाही त्यालाही कुठेतरी आत्या असते. ती माझ्यासारखी भांडखोर नसेल एवढंच.

मला दोनच उत्तरं चालतील. एक असं की खाणवाल्याला नाही कळवलंय, यंत्र जागचं हललेलं नाही, आणि पंधराच्या संध्याकाळी भिंगरी येईल तेव्हा तुम्ही तिच्याबरोबर ती बाजू उघडाल. नुसते खुर्ची टाकून बघत बसणार नाही, हाताने उघडाल. तिला चकत्या सोडवता येतात, पण त्या यंत्राच्या खोड्या तुमच्याइतक्या कोणाला ठाऊक नाहीत, आणि उतारावर दांडे का उलटे चालतात ते ती तुम्हाला समजावेल. बुडणार नाही तुम्ही. आत काही मोडलेलं निघालं तर तिघं मिळून ठरवू. दुसरं उत्तर असं की यंत्र खाणवाल्यालाच द्यायचंय. मग त्याला आणि जो चालवणार त्याला, दोघांना, उजवा क्लच सुटत नाही असं कागदावर लिहून द्यायचं, आणि त्या कागदाची एक प्रत मला पाठवायची. तिसरं उत्तर नाही. "बघू" हे उत्तर नाही. गप्प राहणं हेही उत्तर नाही, ते मागच्या वेळी तुम्ही देऊन पाहिलंत.

उत्तर लेखी हवं. शनिवार, पंधरा मार्च, दुपारी बारापर्यंत माझ्या हातात. जाऊबाईंनी यंत्र मला थंड स्थितीत सुरू करून द्यायचं कबूल केलंय. बाराच्या ठोक्यापर्यंत पत्र आलं नाही, तर मी स्वतः येऊन डोझर घेऊन तुमच्या घराकडे तोंड करून उभी राहीन. आणि भाऊजी, मला अजून फक्त सरळच जाता येतं.

वहिनी